त्या वर्षी नंबर माझा होता

दरवर्षी मार्च आला की आमच्या आठ जणांच्या टीममधून एक माणूस वाईट ठरवावा लागायचा. तो खरोखर वाईट असायला हवा अशी अट नव्हती, कागदावर तसा दिसला की भागायचं. ए, बी, सी, डी अशा चार श्रेणी होत्या, आणि आठ जणांनी कितीही जीव तोडून काम केलं तरी त्यातून एक डी निघालाच पाहिजे असा वरून हुकूम होता. त्यासाठी घंटेच्या आकाराचा एक आलेख दाखवायचे. तो आलेख ज्याने पहिल्यांदा काढला, त्याला एकदा आमच्या टीममध्ये आणून बसवायला हवं होतं, असं मला दरवर्षी वाटायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहतो. ऑफिस ऐरोलीला, कंपनीची बस काशीमिऱ्याहून सुटते आणि घोडबंदरच्या घाटात रोज नेमाने अडकते. आमचं काम म्हणजे एका परदेशी विमा कंपनीची जुनी प्रणाली जिवंत ठेवणं. हप्ता किती, दावा किती, वारसाला काय मिळणार हे सगळं ती प्रणाली ठरवायची. आमच्या आधी चार पिढ्यांनी तिला ठिगळं लावली होती, आम्ही त्यावर आणखी लावत होतो. बाहेरच्या जगात नवनवीन भाषा येत होत्या, जात होत्या. आमच्याकडे काही येत नव्हतं. त्याची मला थोडी लाज वाटायची, आणि थोडं बरंही वाटायचं.

आमचा मॅनेजर बेंगळुरूला बसायचा. पहिल्यांदा हा डीचा प्रश्न आला तेव्हा तो फोनवर म्हणाला, "अरे यार, आपस में देख लो ना. मुझे बस एक नाम दे दो." आम्ही आपसात बघितलं. बायकांची भिशी असते ना सोसायटीत, दर महिन्याला एकीची चिठ्ठी निघते, तसं आम्ही डीचं केलं. कॅन्टीनमधल्या स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याचा त्या वर्षी नंबर. एकदा डी घेतला की सगळ्यांचे होईपर्यंत पुन्हा त्याचं नाव वाटीत नाही. आणि डी घेणाऱ्याला वर्षभर शनिवारची ड्युटी माफ, ती बाकीचे सात जण वाटून घेणार. मॅनेजरचा तर सुंठीवाचून खोकला गेला. दरवर्षी तो विचारायचा, "नाम?" आणि आम्ही नाव द्यायचो. इतका एकोपा मी माझ्या सख्ख्या चुलत्यांमध्येही पाहिलेला नाही.

एकच अडचण होती. डी दिला की फॉर्ममध्ये कारणं लिहावी लागत. 'सुधारणेला वाव' अशा मथळ्याखाली तीन वाक्यं, ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सहीने. ज्येष्ठ मी होतो आणि माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून हे पौरोहित्य माझ्याकडे आलं. लग्नाच्या स्थळाबद्दल सांगताना आपण कसं म्हणतो, मुलगा सोन्यासारखा आहे, जरा हट्टी आहे इतकंच, तसले बिनविषारी दोष मी शोधून काढायचो. एकाच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं की हा मीटिंगमध्ये फार कमी बोलतो. तो आमच्यातला सगळ्यात बडबड्या. सगळे पोट धरधरून हसले होते.

आता जिच्यामुळे हे सगळं सांगतोय तिच्याविषयी. ती खारीची. भाईंदर पूर्वेला आता सगळ्या बाजूंनी टॉवर उभे आहेत, त्यांच्या मधोमध खारी गाव अजून आहे, तिथली. घरी पिढ्यान् पिढ्या मासळीचा धंदा. आई अजूनही टोपली घेऊन बसायची. घराण्यात ऑफिसला जाणारी ही पहिली. कॉलेजातून थेट आमच्याकडे आली तेव्हा तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षांत ती मला शिकवायला लागली. हप्त्याच्या हिशेबाचा जो भाग उघडायला आम्ही सगळे घाबरायचो, तो तिला तोंडपाठ होता. ऑफिसात मला सर म्हणायची, बसमध्ये दादा. फोनवर आईशी बोलताना मात्र तिची भाषा एकदम बदलायची. "आये, मी बसमदी हाय गो, मंगशी बोलतंय," असं म्हणून फोन ठेवायची आणि लगेच माझ्याकडे वळून कोडमधल्या चुकीबद्दल बोलायला लागायची.

तिला मुलगा झाला, सहा महिन्यांची रजा संपवून ती परत आली, आणि त्याच वर्षी वाटीतून तिची चिठ्ठी निघाली. ती म्हणाली, "बरंच झालं की. तसंही यंदा मी काम कुठे केलंय? आणि शनिवार मिळतील." तिच्या फॉर्मवर मी काय लिहिलं ते मला आता आठवतही नाही.

पुढच्या वर्षी चिठ्ठी निघाली माझी.

माझं आर्किटेक्टचं, म्हणजे इंजिनिअरच्या वरच्या पदाचं, प्रमोशन चार वर्षं लटकत होतं. माझ्याबरोबरचे लोक केव्हाच पुढे गेले होते, काही परदेशात, काही नुसतेच वर. दर वर्षी मला सांगण्यात यायचं की पुढच्या खेपेला नक्की. त्या वर्षी मॅनेजर स्वतः म्हणाला होता की तुझं नाव गेलंय, फक्त या वेळी रेटिंग बिघडू देऊ नकोस. आणि वाटीतून माझंच नाव. तिसऱ्या दिवशी सकाळी काशीमिऱ्याला बसची वाट बघत आम्ही उभे होतो, तेव्हा मी तिला विचारलं.

"एवढं वर्ष माझा नंबर तू घेशील का? पुढच्या वेळी तुझा येईल तेव्हा मी घेतो."

तिने क्षणभरही विचार केला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. म्हणाली, "घेते की. मला कुठे आर्किटेक्ट व्हायचंय इतक्यात? पोराला आणखी एक वर्ष शनिवारी आई भेटेल."

बस घाटात अडकल्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिचा फॉर्म भरायला बसलो. दोन वाक्यं झाली, तिसरं सुचेना. ती शेजारच्या सीटवर डबा उघडून बसली होती. "काहीतरी लिहा ना दादा पटकन, बॅटरी जाईल." मग मी लिहिलं: नवं तंत्रज्ञान आत्मसात करण्याची इच्छा व वेग कमी दिसतो. तिला वाचून दाखवलं. ती हसत सुटली. "अहो, पण आपल्याकडे नवं तंत्रज्ञान आहेच कुठे?" म्हणूनच तर लिहिलं, मी म्हणालो. दोघंही हसलो. तो दोष मला सगळ्यात निरुपद्रवी वाटला होता. जे आमच्या दारात कधी येणारच नव्हतं, त्यात ती कच्ची आहे असं लिहिल्याने कोणाचं काय बिघडणार होतं?

मी आर्किटेक्ट झालो. भाईंदरच्या केबिन रोडवरून तिने माझ्यासाठी बर्फीचा डबा आणला होता. टीममध्ये सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला असावा, कारण बाकीच्यांच्या चेहऱ्यावर थोडा हिशेब दिसत होता.

आणि मग वर्षाच्या आत ते यंत्र आलं. यंत्र म्हणतो खरा, पण ते दिसत नाही. स्क्रीनच्या उजव्या बाजूला एक रिकामी चौकट उघडते, तिच्यात साध्या भाषेत सांगायचं, आणि ते कोड लिहून देतं. माझ्या वीस वर्षांत जे मी बोटं झिजवून शिकलो, ते त्या चौकटीत चहा गार व्हायच्या आत उतरायचं. पहिल्या दिवशी मी ते बंद करून टाकलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. घरी बायकोला म्हणालो, हे सगळं थोतांड आहे, दोन महिन्यांत जाईल.

ते यंत्र मला शिकवलं खारीच्या त्या पोरीने. घरून काम असलेल्या दिवशी ती खारीहून स्क्रीन दाखवायची, मागे पोराचा आवाज, आणि मला सांगायची, "सर, त्याला एकदम सगळं नका सांगू. आधी विचारा, तुला यातलं काय कळलं. जे चुकीचं कळलंय ते आधी बाहेर येतं." एकदा त्या यंत्राने हप्त्याच्या हिशेबातली एक विचित्र ओळ अनावश्यक म्हणून काढून टाकली. आम्हा सगळ्यांना ते पटलंही. ती म्हणाली, थांबा, ही ओळ एका जुन्या खटल्यामुळे घातलेली आहे, ती काढली तर विधवांना कमी पैसे जातील. तिने जुन्या मेलमधून तो संदर्भ शोधून दाखवला. ती ओळ परत घातली गेली. या नव्या कामासाठी आमच्यात कोणी एक माणूस लायक होता, तर ती होती, आणि हे आठही जणांना माहीत होतं.

थोड्याच दिवसांत घोषणा झाली. जुनी प्रणाली नव्या पद्धतीने पुन्हा लिहायची, त्यासाठी निवडक लोकांची तुकडी करायची, त्यांना प्रशिक्षण. उरलेल्यांना पूलमध्ये टाकायचं. पूल म्हणजे बाकावर बसणं: साठ दिवसांत कंपनीत दुसरं काम शोधा, नाही मिळालं तर राजीनामा द्या. निवडीचा निकष एकच आणि अगदी साधा होता. गेल्या तीन वर्षांत ज्याला दोनदा डी मिळाला आहे, तो पूलमध्ये. चिठ्ठ्यांच्या नियमाने कोणालाच लागोपाठ दोनदा डी मिळू शकत नव्हता. आमच्या टीममधून एकच नाव निघालं.

तिचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर भाजी घेत होतो. ती रडत नव्हती. म्हणाली, "दादा, दुसरा डी तर तुमचा होता. मी एचआरला लिहू का तसं?"

मी म्हणालो, "लिही. त्यांनी मला विचारलं की मी सांगतो."

हे मी बोललो. स्पष्ट, शुद्धीत, हातात मेथीची जुडी धरून बोललो. तिने माझ्या भरवशावर मेल पाठवली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. "तू इस में मत पड़. फॉर्म पे साइन किसका है? तेरा. गलत अप्रेजल भरा, ये मान लेगा तो पहले तू जाएगा, फिर मैं." त्याने आवाजही चढवला नाही. मी टीममधल्या बाकीच्यांना विचारून पाहिलं. सगळे म्हणाले, आम्ही तुझ्या मागे आहोत. मागे म्हणजे किती मागे, ते मी विचारलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. दोन-तीन दिवस मी त्या रागावरच काढले, घरी चिडचिड केली, बायकोला म्हणालो की माणसं कशी मेंढरं असतात बघ. बायको म्हणाली, "त्यांचं राहू दे. तू काय सांगणार आहेस?" मी म्हणालो, जे खरं आहे ते. खरं तेच सांगणार असं तेव्हा मलाही वाटत होतं. पंचेचाळिशीच्या इंजिनिअरला या बाजारात कोणी उभं करत नाही, हेही त्याच दोन-तीन दिवसांत मला पंचवीस वेळा आठवलं.

मीटिंग व्हिडिओवर झाली. दुपारचे तीन वाजले होते. स्क्रीनवर तीन चौकटी: एचआरची बाई, मी, आणि ती. तिच्या मागे निळी भिंत आणि खुंटीवर पोराची टोपी. तिने केस नीट बांधले होते, कॉलेजात तोंडी परीक्षेला बसावं तशी ताठ बसली होती. एचआरची बाई वागायला चांगली होती, हे सांगायला हवं. तिने आधी माफी मागितली की अशा प्रसंगी भेटावं लागतंय. मग म्हणाली, "इनका कहना है कि टीम में रेटिंग बारी-बारी से बाँटी जाती थी. क्या ऐसा था?"

मी म्हणालो, "असं काही औपचारिक ठरलेलं नव्हतं."

हे वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. कागदावर आम्ही कुठे काय ठरवलं होतं? मला वाटलं होतं या वाक्यावर भागेल: तिलाही थोडा आधार होईल, मीही वाचेन. ती स्क्रीनमधून माझ्याकडे बघत होती. तिला अजून वाटत होतं की हे माझं पहिलं वाक्य आहे, पुढे दुसरं येणार आहे.

बाईने फॉर्म उघडला. ते तिसरं वाक्य तिने सावकाश वाचलं. नवं तंत्रज्ञान आत्मसात करण्याची इच्छा व वेग कमी दिसतो. "नीचे आपके साइन हैं. आप बस इतना बताइए, ये आपकी ईमानदार राय थी?"

मला बस आठवली, घाट आठवला, तिचं हसणं आठवलं. सगळं आठवलं, विसरलो असं मी म्हणू शकत नाही. हेही कळत होतं की या प्रश्नाला हो किंवा नाही, दोनच उत्तरं आहेत. नाही म्हटलं तर ती तुकडीत आणि मी बाहेर. अगदी बाहेर नाही तरी आर्किटेक्ट गेलं, नाव गेलं.

"हो," मी म्हणालो.

तिने ओठ हलवले, पण तिचा माइक बंद होता. तो चालू करायला तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मग नुसती मान हलवली, कोणी वेळ विचारल्यावर घड्याळ नाही म्हणून हलवावी तशी. एचआरच्या बाईने दोघांचे आभार मानले. मीटिंग अकरा मिनिटं चालली होती. मी लॅपटॉप मिटून बाहेर आलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

साठ दिवसांत तिला काम मिळालं नाही. जिथे अर्ज करायची तिथला मॅनेजर तिचा जुना फॉर्म उघडायचा आणि ते वाक्य वाचायचा. मी तुकडीत गेलो. प्रशिक्षण चांगलं होतं. तिने जे मला खारीहून शिकवलं होतं, तेच पुन्हा शिकवलं, फक्त चित्रं काढून आणि टाळ्या वाजवून. आता माझ्या नावापुढे नव्या तंत्रज्ञानाचं एक प्रमाणपत्रही आहे, आणि नव्या मुलांना मी सांगतो की यंत्राला आधी विचारा, तुला काय कळलं. मुलं ते लिहून घेतात. हे कोणाकडून शिकलो ते मी त्यांना सांगत नाही.

तिला मी चार-पाच मेसेज केले. दोन टिकांच्या पलीकडे काही झालं नाही. शेवटी एका रविवारी सकाळी मी खारीला गेलो. काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. माफी मागायची असं ठरवून निघालो होतो, पण घर जवळ येईतो ते ढिलं पडत गेलं. तिच्या लग्नाला मी या घरी येऊन गेलो होतो, तेव्हा दारासमोरून आभाळ दिसायचं. आता समोर टॉवरची भिंत होती आणि तिच्यावर एसीच्या खोक्यांची रांग.

तिची आई ओट्यावर सुपात जवळा निवडत बसली होती. लेक घरी नव्हती. कुठल्याशा क्लासमध्ये शिकवायला जाते, शाळेच्या पोरांना कॉम्प्युटर, रविवारीसुद्धा. आईने मला ओळखलं. उठून पाणी आणून दिलं, बसायला स्टूल दिलं आणि पुन्हा सुपापाशी जाऊन बसली. मी चौकशी केली, तब्येत कशी, नातू कसा. ती उत्तरं देत होती. हात थांबत नव्हते, खडा, शेवाळ, कचरा बाजूला निघत होता. मग तिने वर बघितलं.

"एक इचारू का तुमाला? पोरीचा काम वाईट व्हता का?"

"नाही हो मावशी," मी म्हणालो. "आमच्यात सगळ्यात चांगलं काम तिचंच होतं. माझ्यापेक्षासुद्धा."

हे माझ्या तोंडून इतकं सहज आलं, की मीच दचकलो. त्या अकरा मिनिटांत मला एवढंच बोलायचं होतं.

तिने मान डोलवली. जणू तिला हे ठाऊकच होतं आणि फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं. सूप तिने जरा बाजूला सरकवलं.

"मंग त्यांनी तुमाला इचारला, तवा का न्हाय बोल्लाव?"

आवाजात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मुलीने सगळं सांगितलं होतं, पण हे एक तिला कळलं नव्हतं, आणि ज्याला ते माहीत होतं तो माणूस आयताच समोर येऊन बसला होता. मी तिला सांगू शकलो असतो की मी घाबरलो. दोनच शब्द होते. ती पदराला हात पुसत उत्तराची वाट बघत राहिली, आणि मी पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणालो, "येतो मावशी, उशीर होतोय."